पोटाची घडी : प्रस्तावना

कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात पोटाच्या दुखण्यांचा विचार करायचा तर सुरुवात या एका व्यवहारापासून करावी लागते. किलोवर मजुरी असली की भाकर खायला बसलेली पंधरा मिनिटे मजुरीतून वजा होतात आणि धुऱ्यावर पाणी प्यायला गेलेली पाच मिनिटेही. वावरात आडोसा नसतो, म्हणून बाई सकाळपासून पाणीच बेताने पिते आणि शौचाची वेळ आली तरी अडवून धरते. पहाटे चूल पेटवून, घरच्यांचे डबे बांधून ती निघते तेव्हा तिच्या पोटात नुसता चहा असतो. दुपारी दोनच्या सुमाराला गार भाकर, ठेचा आणि असेल ते कालवण. संध्याकाळी काटा होऊन घरी परतल्यावर पुन्हा चूल, आणि रात्री नऊ-साडेनऊला दिवसातले सगळ्यांत मोठे जेवण, तेही झोपेच्या तोंडावर. मग छातीत जळजळ होते, पोट गच्च राहते, दोन-दोन दिवस साफ होत नाही. दवाखान्यात गेल्यावर ॲसिडिटीची गोळी मिळते, आणि सल्ला मिळतो तो असा : वेळेवर जेवा, भरपूर पाणी प्या, व्यायाम करा, ताण घेऊ नका. हा सल्ला खरा आहे, पण तो देताना तिचा दिवस कुणी विचारात घेतलेला नाही. खरा सल्ला आणि खरा दिवस यांच्यातले हे अंतर हाच या पुस्तकाचा विषय आहे.

‘पोटाची तक्रार’ हा शब्दप्रयोग फार सैल आहे. वऱ्हाडात माणूस ‘पित्त झाले’ म्हणतो तेव्हा त्याला आंबट ढेकर, जळजळ, मळमळ, डोकेदुखी यांतले काहीही सांगायचे असते. ‘गॅस’ या शब्दाखाली तर पोटाच्या फुगाऱ्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत सगळे दडपले जाते आणि त्यात जीवही जातात. वैद्यकाच्या नजरेने या तक्रारींचे ढोबळ दोन गट पडतात. एका गटात अवयवात दिसणारा बिघाड असतो : जठरातला व्रण, पित्ताशयातले खडे, आतड्याचा क्षय, आतड्याची सूज, कर्करोग. दुसऱ्या गटात दुर्बिणीची तपासणी, सोनोग्राफी, रक्त सगळे ‘नॉर्मल’ येते आणि त्रास मात्र वर्षानुवर्षे चालू राहतो. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, कारण न सापडणारे अपचन, जुने बद्धकोष्ठ हे या दुसऱ्या गटातले. ते दुर्मिळ मुळीच नाहीत. मुंबईतल्या सर्वसाधारण लोकवस्तीत झालेली एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दर दहांपैकी सुमारे तिघांना अपचनाची तक्रार होती. रोम फाउंडेशनची जागतिक पाहणी २०२१ साली आली. ३३ देशांतल्या ७३ हजारांहून अधिक लोकांना तिच्यात प्रश्न विचारले होते. इंटरनेटवर उत्तरे देणाऱ्यांत दर दहांपैकी चौघांना या गटातला किमान एक विकार निघाला. जिथे घरी जाऊन तोंडी विचारले, आणि त्यात भारत होता, तिथे हे प्रमाण दहांत दोनांवर आले. घरच्या माणसांदेखत परक्या माणसाला आपल्या शौचाविषयी कोण मोकळेपणी सांगणार, हेही या फरकाचे एक कारण असावे असे मला वाटते. ही लाज आजाराचाच एक भाग आहे. तिच्यामुळे माणूस उशिरा बोलतो, अर्धवट बोलतो, आणि ‘रिपोर्टमध्ये काही नाही’ हे ऐकून गप्प बसतो.

पोट, मन आणि श्रम यांचा संबंध आपल्याकडे जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘त्रिविधकुक्षीय’ नावाचा अध्याय आहे. पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक पातळाला द्यावा आणि तिसरा दोषांच्या हालचालीसाठी मोकळा ठेवावा, हा त्यातला विचार अनेकांनी ऐकलेला असतो. त्याच अध्यायातली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. योग्य मात्रेत घेतलेले हितकर अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांच्यामुळे पचत नाही, असे चरकाने तिथे स्पष्ट म्हटले आहे. अग्नीचे चार प्रकार सांगताना आयुर्वेदाने ‘विषम’ अग्नीही मानला : कधी पचते, कधी पचत नाही, आज जुलाब, उद्या कुंथणे. आजच्या आयबीएसच्या रुग्णाला हे वर्णन आपलेच वाटेल, आणि अनेक वैद्य या त्रासाला ‘ग्रहणी’च्या चौकटीत पाहतात. या परंपरेचे मोल मोठे आहे, पण व्यवहारात तिचे बहुतेक ठिकाणी पथ्याच्या यादीत रूपांतर झाले. वांगे नको, हरभरा नको, आंबट नको, रात्री दही नको. भय आणि जागरण गळून गेले आणि वांगे तेवढे उरले. मूळ शास्त्राने जे अन्नाच्या बरोबरीने मांडले होते ते घरगुती वापरात हरवले, याची खंत या परंपरेवर प्रेम करणाऱ्यांनीच आधी बाळगायला हवी. शतपावलीसारखी साधी सवय टिकली, तीही ज्यांना संध्याकाळ मोकळी मिळते त्यांच्या घरात.

राळेगावच्या वाचकाला निसर्गोपचाराची परंपरा तर शेजारचीच आहे. गांधीजी १९३६ च्या एप्रिलमध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. मातीची पट्टी, कटिस्नान, मिताहार, चालणे यांवर त्यांचा अढळ विश्वास होता. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी ‘आरोग्य की कुंजी’ लिहिली आणि १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रमाचा पाया घातला. त्याआधी, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी पोटात नेमके काय घडते हे क्ष-किरणांनी आणि दाब मोजून तपासायला घेतले. योगाला प्रयोगशाळेत आणण्याचा हा प्रयत्न महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. निसर्गोपचाराने सामान्य माणसाला सांगितले की, आरोग्य औषधाच्या बाटलीत नाही आणि गरिबालाही ते मिळवता येते. पण त्या काळात जगभर पसरलेली एक चुकीची समजूतही त्याच्याबरोबर घरोघरी पोचली : आतड्यात मळ साठला की त्याचे विष रक्तात भिनते आणि सगळे रोग त्यातूनच होतात. आजही रोज सकाळी पोट पूर्ण साफ झालेच पाहिजे या धास्तीने माणसे एरंडेल, जुलाबाची चूर्णे आणि गोळ्या वर्षानुवर्षे घेतात. हळूहळू मात्रा वाढते, आणि दुखणे आहे तिथेच राहते.

पश्चिमेकडचा प्रवास एका अपघातातून सुरू झाला. १८२२ साली अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटावरचे छिद्र बुजले नाही. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने त्या छिद्रातून पचनाची क्रिया प्रत्यक्ष पाहिली आणि १८३३ साली आपली निरीक्षणे छापली. माणूस रागावला की जठराचे काम बिघडते, हेही त्यांत होते. शतकाच्या अखेरीस वॉल्टर कॅनन यांनी मांजरीला बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणांखाली तिचे जठर पाहिले. मांजर चिडली की जठराची हालचाल थांबे, शांत झाली की पुन्हा सुरू होई. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी ताणाखालच्या उंदरांच्या जठरात व्रण दाखवले. पुढे काही दशके ‘अल्सर म्हणजे काळजीचा आजार’ ही समजूत डॉक्टरांत आणि लोकांत पक्की बसली. मग १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. जे व्रण माणसाच्या स्वभावावर ढकलले जात होते, त्यांतले पुष्कळसे प्रतिजैविकांच्या एका कोर्सने कायमचे बरे होऊ लागले. ‘ताणामुळे होते’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही हकिकत सतत डोळ्यांसमोर ठेवावी. ताण हे उत्तर फार लवकर दिले की शोध थांबतो. दुसरी बाजू अशी की, भारतात हा जंतू कितीतरी लोकांच्या पोटात असतो आणि त्यांतल्या बहुसंख्यांना व्रण होत नाही. एकटा जंतूही सगळे सांगत नाही.

आजचे शास्त्र इथून पुढे आले आहे. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे आहे, आणि मेंदू व पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतले बहुतेक धागे पोटाकडून मेंदूकडे निरोप नेणारे आहेत. १९७३ साली इंग्लंडमध्ये रिची यांनी मोठ्या आतड्यात लहानसा फुगा फुगवून पाहिला, तेव्हा इतरांना ज्या दाबाने काही वाटत नव्हते तेवढ्यानेच आयबीएसच्या रुग्णांना कळ येत होती. म्हणजे वेदना खरी होती. संवेदनेचा उंबरठा खाली आलेला होता. २००० साली कॅनडातल्या वॉकर्टन गावात पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळून सुमारे २,३०० लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. गावकऱ्यांचा पुढे कित्येक वर्षे पाठपुरावा झाला. ज्यांना त्या वेळी हगवण झाली होती, त्यांच्यात आयबीएसचे प्रमाण नंतरही बरेच जास्त राहिले. जिथे पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते आणि हगवण-मुरड्याची साथ दरवर्षीची असते, तिथल्या वाचकाने हा धागा लक्षात घ्यावा. आजचे बिघडलेले पोट चार पावसाळ्यांपूर्वीच्या पाण्याचेही असू शकते. २०१६ साली या विकारांच्या निदानासाठीच्या रोम निकषांची चौथी आवृत्ती आली तेव्हा त्यांना ‘मेंदू आणि आतडे यांच्या देवाणघेवाणीतले विकार’ असे नाव मिळाले. हे निकष आपल्याला तंतोतंत लागू पडत नाहीत. आपल्याकडे बहुतेकांना रोज एकदा तरी शौचाला होते, म्हणून आठवड्यातून तीनदापेक्षा कमी म्हणजे बद्धकोष्ठ ही मोजणी इथे अपुरी ठरते. आणि आपला रुग्ण दुखण्यापेक्षा फुगाऱ्याबद्दल जास्त बोलतो. नाव मात्र योग्य दिशेचे आहे, कारण ‘काही नाही, मनाचे आहे’ या वाक्याची जागा त्याने घेतली.

आहाराच्या बाबतीत गेल्या वीस वर्षांत सर्वांत जास्त चर्चा मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधनाची झाली. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, पाणी ओढतात आणि वायू करतात. या गटाला फॉडमॅप म्हणतात. गहू, कांदा, लसूण, डाळी, दूध, सफरचंद, आंबा हे सगळे त्यात येतात. आता राळेगावचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणावे : तुरीचे वरण, बेसनाचे पिठले, कांदा-लसणाची फोडणी, गव्हाची पोळी. यादी जशीच्या तशी लावली तर ताटात फारसे काही उरत नाही, आणि ज्या घरात डाळ हाच प्रथिनांचा मुख्य आधार तिथे अशक्तपणा हमखास. मोनाशच्या पद्धतीतही वर्ज्य करण्याचा काळ दोन ते सहा आठवड्यांचाच असतो आणि नंतर एकेक पदार्थ परत आणायचा असतो. हा दुसरा टप्पा मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये नसतो. मग माणूस सोडतच जातो. आधी डाळ, मग पोळी, मग पंगत, मग पाहुण्यांकडे जाणे. ज्या आजारात भीती हे एक इंधन आहे, त्यात यादी लांबवणे म्हणजे आगीत तेल ओतणे आहे. स्वयंपाकाची साधी युक्ती त्यापेक्षा बरी. डाळीतल्या या शर्करा पाण्यात विरघळतात, म्हणून डाळ भिजवून ते पाणी फेकून दिले आणि नव्या पाण्यात शिजवली तर त्रास कमी होतो. लसणातल्या शर्करा तेलात उतरत नाहीत, म्हणून पाकळ्या तेलात लाल करून काढून टाकल्या आणि त्याच तेलाची फोडणी दिली तर वास राहतो आणि पोट फुगत नाही. ज्वारी आणि भात हे दोन्ही या दृष्टीने सौम्य. कपाशी आणि सोयाबीनने वावरातली ज्वारी मागे रेटली, आणि घरची भाकर विकतच्या धान्याची झाली, हे दुःख पोटाच्याही हिशेबात धरायला हवे.

या पुस्तकाचा मुख्य युक्तिवाद इथे येतो. २०१५ साली स्वीडनमध्ये आयबीएसच्या ७५ रुग्णांवर एक तुलना झाली. निम्म्यांना फॉडमॅपची काटेकोर यादी दिली, बाकीच्यांना जुनाच सल्ला दिला : ठरल्या वेळी जेवा, थोडे-थोडे जेवा, चावून खा, तेलकट आणि चहा-कॉफी कमी करा. दोन्ही गटांत जवळजवळ निम्म्यांना गुण आला. त्याआधी २०११ साली तिथेच १०२ रुग्णांपैकी काहींना आठवड्यातून तीन ते पाच दिवस, २० ते ६० मिनिटे अंगाला झेपेल असा व्यायाम दिला होता. तीन महिन्यांत ज्यांचा त्रास वाढला असे रुग्ण व्यायामाच्या गटात आठ टक्के होते, दुसऱ्या गटात तेवीस. २०१६ साली मोनाशमध्येच ७४ रुग्णांवर आहार आणि पोटासाठीचे संमोहन यांची तुलना झाली. आहाराने जेवढ्यांना बरे वाटले, तेवढ्यांनाच संमोहनाने वाटले, दहांत सुमारे सात जणांना. आणि दोन्ही एकत्र दिलेल्यांना त्याहून जास्त फायदा झाला नाही. २०१८ साली जर्मनीत योग आणि फॉडमॅप आहार समोरासमोर ठेवले, तिथेही एकाने दुसऱ्याला ठळकपणे मागे टाकले नाही. या चाचण्या लहान आहेत, परदेशातल्या आहेत, त्यांवर इमला उभारताना जपून असावे. तरी चारही एकाच बाजूला बोट दाखवतात. आहार, व्यायाम आणि ताण हे तराजूतले तीन वेगळे भार नाहीत. ती एकाच खोलीची तीन दारे आहेत. ज्याला जे दार आज उघडता येईल, त्याने तिथून आत जावे. ‘संतुलन’ म्हणजे तिन्ही गोष्टी रोज सारख्या प्रमाणात करणे, ही समजूत रिकामा वेळ असलेल्या माणसासाठी ठीक असेल. वेचणीतल्या बाईला ती फक्त अपराधी वाटायला लावते. कुणी विचारेल, कशानेही बरे वाटते म्हणजे हा सगळा समजुतीचाच खेळ नाही का? काही अंश तसा असेलही. मेंदूचे ऐकणाऱ्या अवयवाला विश्वासानेही बरे वाटावे यात नवल नाही. पण मग महागडे चूर्ण, महागडे पॅकेज आणि जनावराच्या बाजारासारखी ओरडणारी जाहिरात निवडण्याचे कारण उरत नाही. जे स्वस्त, निरुपद्रवी आणि आपल्या दिवसात बसणारे आहे, तेच निवडावे.

व्यायामाबद्दलचा आक्षेप गावात लगेच येतो : दिवसभर वावरात राबणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला? आक्षेप बरोबर आहे आणि शहरी पुस्तकांनी त्याकडे दुर्लक्ष केले आहे. निंदणाला उकिडवे बसणे, वेचणीला कमरेत वाकणे, पाठीवर वीस लिटरच्या आसपासचा फवारणी पंप घेऊन चिखलात चालणे हे कष्ट आहेत. त्यांनी घाम जातो, पाणी कमी होते, पोट दाबले जाते. अशा माणसाच्या बाबतीत व्यायामाच्या दारावर ‘विश्रांती’ लिहिलेले असते : दुपारी सावलीत पाठ टेकणे, जेवल्यावर लगेच न वाकणे, पाणी. व्यायाम हवा तो दुकानात बसणाऱ्याला, शिक्षकाला, बाजार समितीतल्या कारकुनाला, मोटारसायकलशिवाय चौकापर्यंतही न जाणाऱ्या तरुणाला. त्यांच्यासाठी संध्याकाळची अर्ध्या तासाची चाल पुरे. मात्र या तालुक्यात चालण्याची वाटही नेहमी मोकळी नव्हती. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात टी-१ म्हणजे अवनी वाघिणीवर १३ बळींचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती मारली गेली, तोवर कितीतरी गावांत अंधार पडल्यावर बाहेर पडणे बंद होते. ज्या घरात शौचालय नाही तिथे या भीतीचा पोटाशी किती सरळ संबंध येतो, हे वेगळे सांगायला नको.

ताणाविषयीचा आक्षेप याहून गंभीर आहे. कर्ज, दुबार पेरणी, पडलेला भाव, लग्नाचा खर्च ही ताणाची कारणे आहेत, आणि दीर्घ श्वासाने सोसायटीचे व्याज भरले जात नाही. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे शेतकरी आत्महत्यांची छाया प्रत्येक गावावर पडून गेली आहे, तिथे ‘ताण घेऊ नका’ म्हणणे क्रूर ठरू शकते, कारण त्यात दोष सोसणाऱ्याकडे जातो. हे पुस्तक तसे म्हणत नाही. धोरणांनी आणि बाजाराने केलेले दुखणे आसनांनी जाणार नाही हे मान्य करूनच पुढे बोलायचे आहे. पण ताणाचे कारण आणि ताणाचा शरीरातला मार्ग या दोन गोष्टी आहेत. पहिले एकट्याच्या हातात नसते. दुसऱ्यावर थोडा ताबा मिळतो, आणि त्याची सर्वांत स्वस्त किल्ली झोप आहे. रब्बीत चणा-गव्हाच्या ओलितासाठी वीज रात्री येते, रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला जागल करावी लागते. जागलीच्या दुसऱ्या दिवशी पोट बिघडले तर आदल्या रात्रीच्या भाजीवर राग काढू नये. त्या दिवशी जेवण हलके आणि वेळेवर, चहा कमी, दुपारी तासभर झोप, एवढे जमले तरी पुष्कळ. आणि पोटाबरोबर झोप उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, जगणे नको वाटत असेल, तर ते पोटाच्या गोळ्यांवर थांबवायचे दुखणे नाही. ग्रामीण रुग्णालयात, यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात मानसोपचाराचा रस्ता धरायला हवा, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

काही गोष्टींत मात्र घरच्या घरी तोल साधत बसायचे नाही. वजन आपोआप घटणे, शौचातून रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, गिळताना अडकणे, सतत ताप, रक्त कमी होणे, झोपेतून उठवणारी कळ, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच बदललेली शौचाची सवय : यांतले एकही दिसले तर तपासणी आधी. फवारणीच्या दिवसांत मळमळ, पोटात कळ, जुलाब, तोंडाला लाळ, घाम, डोळ्यांपुढे अंधुक असे झाले तर ते पित्त समजून लिंबूपाणी घेत बसू नये. ती विषबाधा असू शकते, आणि २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे फवारणीच्या विषबाधेने गेली. कंबरदुखीसाठी रिकाम्या पोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराला जखमा करतात. तंबाखू-सुपारीचा खर्रा तर तोंडापासून जठरापर्यंत सगळ्या वाटेचा शत्रू आहे. जिल्ह्याच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि त्यानेही पोट दुखते, मळमळते. दाताला पिवळे-तपकिरी डाग आणि गुडघे-कंबर धरलेली माणसे एकाच वस्तीत जास्त दिसली, तर पथ्याआधी पाणी तपासून घ्यावे.

सर्वसाधारण वाचकासाठी मराठीत असे लेखन नव्हते असे नाही. डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ने २००० साली आहार, व्यायाम आणि मन यांची हृदयाशी असलेली गाठ घरोघरी पोचवली, आणि डॉ. श्याम अष्टेकरांच्या ‘भारतवैद्यका’ने गावपातळीवर आरोग्याचे काम करणाऱ्यांच्या हाती शास्त्र दिले. पोटाला मात्र अजून चूर्णांच्या जाहिराती आणि मोबाइलवरचे संदेश यांच्यावर सोडून दिलेले आहे. हे पुस्तक ती जागा थोडी भरू पाहते. त्याने वारांप्रमाणे आखलेला आहारतक्ता दिलेला नाही. त्याऐवजी वर्ष हंगामाप्रमाणे मांडले आहे, कारण इथे माणसाचा दिवस हंगाम ठरवतो. मृगाच्या पेरणीत झोप आणि पाणी; श्रावणात उपवासाचा साबुदाणा आणि शेंगदाण्याचे पोट; सोयाबीन काढणीत धूळ आणि घाई; वेचणीत जेवणाची वेळ; उन्हाळ्यात लग्नाच्या पंगती, आणि त्याच उन्हाळ्यात पहाटे चालायला मिळणारा वेळ. प्रत्येक हंगामात तीनपैकी कोणते दार उघडे असते ते शोधावे आणि बाकीच्या दोन दारांसाठी स्वतःला दोष देऊ नये, असा लेखकांचा आग्रह आहे आणि तो मला पूर्ण पटतो.

पुस्तकाच्या शेवटी वहीचे एक पान छापले आहे. त्याला चार रकाने आहेत : किती वाजता खाल्ले, काय खाल्ले, रात्री किती झोप झाली, पोट कसे होते. ‘काय खाल्ले’चा रकाना मुद्दामच सगळ्यांत अरुंद ठेवला आहे. वाचकाने पंधरा दिवस, वेचणीच्या दिवसांतही, रात्री निजण्याआधी चार शब्द लिहावेत. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून लिहवून घ्यावेत. हे पान घेऊन दवाखान्यात जाणारी बाई ‘पित्त होते’ एवढेच सांगून गोळी घेऊन परतणार नाही. दुपारची भाकर दोनऐवजी साडेबाराला खाल्ली त्या चार दिवसांत जळजळ नव्हती, हे ती बोट ठेवून दाखवू शकेल, आणि मुकादमालाही.